पहिले पाचशे किलोमीटर

गेल्या दसऱ्याला आमच्या लेकीनं गाडी घेतली. पांढरी, छोटी, पेट्रोलवर चालणारी चारचाकी. शोरूममध्ये हार, नारळ, पेढे, सगळं यथासांग झालं. चावी हातात देताना तिथल्या मुलानं आमचा फोटोही काढला. सगळं आटोपल्यावर मी त्याला हळूच विचारलं, "रनिंगचं काय?"

"कुठलं रनिंग, काका?"

"अहो, नवं इंजिन आहे. बसेपर्यंत किती किलोमीटर जपायचं?"

तो मनापासून हसला. "आता तसलं काही लागत नाही, काका. सगळं कारखान्यातूनच होऊन येतं. बिनधास्त पळवा."

लेकही हसली. म्हणाली, "बाबा, ही तुमची स्कूटर नाहीये."

मी गप्प बसलो. बँकेत सदतीस वर्षं काढल्यामुळे काउंटरपलीकडच्या माणसाशी वाद घालायचा नाही हे अंगवळणी पडलं आहे. पण घरी आल्यावर गाडीच्या खणातली माहितीपुस्तिका काढली, चष्मा लावला आणि पानं उलटली. ते पान होतं. पहिल्या १००० किलोमीटरमध्ये काय करावं आणि काय करू नये याचं. पुस्तिका कोणी वाचत नाही, एवढाच काय तो फरक पडला आहे. आमच्या घरी ती पाठ होती.

'आमच्या घरी' म्हणजे साताऱ्याच्या घरी. वडील, म्हणजे आमचे आप्पा, प्राथमिक शाळेत हेडमास्तर. १९७७ साली त्यांनी बजाज चेतकसाठी नंबर लावला, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आजच्या मुलांना सांगून पटत नाही, पण त्या काळी पैसे हातात असले तरी स्कूटर मिळत नसे. आधी डिपॉझिट भरायचं आणि मग वर्षं मोजायची. परदेशातून डॉलर पाठवणारा कोणी नातेवाईक असला तर गाडी लवकर यायची. आमचे सगळे नातेवाईक कऱ्हाड-कोरेगावच्या पलीकडे गेलेले नव्हते. खुद्द साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता, तिथं 'प्रिया' बनायची. "घरच्या गावची घ्या की," असं लोक म्हणायचे. पण आप्पांच्या मनात चेतक होती, आणि मनात आलेली गोष्ट बदलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मधल्या काळात ताईचं लग्न झालं, आईचं एक ऑपरेशन झालं, पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं नंबर विकत मागितला. आप्पांनी नंबर सोडला नाही.

१९८५ च्या अक्षय्य तृतीयेला गाडी घरी आली. निळी. आईनं ओवाळलं, आणि त्याच संध्याकाळी आप्पांनी शाळेतली एक दोनशेपानी वही काढून तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वाहन : रनिंग'.

नियम असे होते. पहिले पाचशे किलोमीटर ताशी चाळीसच्या वर काटा जाता कामा नये. पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त. दहा-बारा किलोमीटर झाले की गाडी सावलीत उभी करून गार होऊ द्यायची. डबलसीट शक्यतो नाही. रोज रात्री मीटरचा आकडा वहीत. आणि आप्पांचा स्वतःचा एक नियम, जो पुस्तिकेत कुठंच नव्हता : उतारावर मूठ सोडून द्यायची. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर बंद. "उतारावर पेट्रोल जाळणं म्हणजे वाहत्या नळाखाली बादली न लावणं," असं ते म्हणत.

आता हे रनिंग म्हणजे नेमकं काय, ते जरा सांगतो. मी इंजिनिअर नाही, पण पुढं जे घडलं त्यानंतर मी या विषयाचा पाठपुरावा केला आहे.

ज्यांनी घरात जातं पाहिलं आहे त्यांना हे पटकन कळेल. जात्याला टाकी लावली, की दोन्ही तळ्या खरखरीत होतात. त्या खरखरीवरच दळण होतं. पण टाकी लावल्या लावल्या जे पहिलं पीठ पडतं त्यात कच असते, म्हणून ते घरात खात नसत. दोन-चार पायल्या दळून झाल्या, की टाकीची वरची टोकं झिजतात, खाचा मात्र राहतात, आणि मग पीठ बारीक पडू लागतं. इंजिनच्या सिलिंडरला आतून असेच आडवे-तिरपे, एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे मुद्दाम पाडलेले असतात. खाचांत ऑइल धरून राहावं हा त्यांचा उपयोग. पिस्टनभोवती ज्या रिंगा असतात त्यांनी या ओरखड्यांची फक्त टोकं घासून काढायची असतात. टोकं गेली, खाचा उरल्या, रिंग सिलिंडरला सर्व बाजूंनी टेकली, की इंजिन बसलं. झिजलेली धातूची कच ऑइलमध्ये उतरते. म्हणून चारचाकीचं पहिलं ऑइल काही कंपन्या लवकर बदलायला सांगतात. ते जात्याचं पहिलं पीठ.

(आपल्या भाषेत 'बसणं' हा शब्द मोठा फसवा आहे. संसाराची घडी बसते तेही बसणंच, आणि धंदा बसतो तेही बसणंच. इंजिनाला दोन्ही लागू.)

मग हळू का चालवायचं? उष्णतेमुळे. चेतकचा सिलिंडर बिडाचा आणि पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. नव्या इंजिनात दोघांच्या मधली जागा आधीच घट्ट, त्यात घर्षण जास्त. पिस्टन एका मर्यादेपलीकडे फुगला, की सिलिंडरला आवळून धरतो आणि सगळं जागच्या जागी थांबतं. गॅरेजच्या भाषेत इंजिन सीज झालं.

ते आमचं झालं. मीटरवर ४१२ असताना.

जूनचा शेवटचा आठवडा होता. मी तेव्हा कोरेगावच्या शाखेत क्लार्क, नोकरीला दोन वर्षं झालेली. रविवारी आप्पा शाळेच्या कामासाठी वाईला गेले होते. पाऊस नुकता पडून गेलेला, आणि बँकेतला एक मित्र दारात उभा. "यवतेश्वरला जाऊन येऊ," म्हणाला. साताऱ्याच्या माणसाला पहिल्या पावसात यवतेश्वरच्या घाटाला नाही म्हणता येत नाही. आम्ही डबलसीट निघालो. चढताना मी जपलो होतो, हे शपथेवर सांगतो. दुसरा गिअर, काटा पंचवीसच्या वर नाही, मध्ये थांबून गाडी गारही केली. वर चहा घेतला, ढग पाहिले.

उतरताना आप्पांचा नियम आठवला. दुसरा गिअर ठेवला आणि मूठ सोडून दिली. गाडी आपल्या वजनानं गुरगुरत उतरत होती, पेट्रोल जळत नव्हतं, मी स्वतःवर खूश होतो. पायथ्याशी जरा सपाटी आली तशी मूठ पिळली, आणि मागचं चाक किंचाळून जागीच आवळलं गेलं. डावा हात आपोआप क्लचवर गेला म्हणून निभावलं. तरी आम्ही आडवे झालोच. मित्राचं कोपर सोलवटलं. किक खाली जाईना. समर्थ मंदिरापर्यंत गाडी ढकलत आणली तेव्हा शर्टाला पावसाचं पाणी किती आणि घाम किती ते कळत नव्हतं.

रात्री आप्पा आले. मी सांगितलं, कोरेगावच्या रस्त्यानं पस्तीसच्या वेगानं चाललो होतो, एकदम जाम झाली. त्यांनी विचारलं, "कशानं?" आणि मी म्हणालो, "पंपावरच्या पोरानं ऑइल कमी घातलं असणार."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. आपोआप तोंडातून आलं. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला पात्रांची खोटी बोलणी रचावी लागतात; त्यासाठी मला कधी फार लांब जावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा पंपावर गेले. तिथला मुलगा असेल पंधरा-सोळा वर्षांचा. मापात ऑइल घ्यायचा, पेट्रोल घालायचा, कांडीनं ढवळायचा. आप्पांनी त्याला मालकांदेखत जाब विचारला. आप्पा कधी ओरडत नसत. त्यांनी शांतपणे विचारलं असणार, आणि तेच जास्त वाईट. संध्याकाळी ते आईला सांगत होते, "मालकानं त्याला कामावरून काढलं. मी असं म्हटलं नव्हतं." मी पलीकडच्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

दोन दिवसांनी गॅरेजमध्ये गाडी उघडली. गॅरेजवाले चाचा मोठे कसबी. त्यांनी सिलिंडर उतरवून पिस्टन माझ्या हातात दिला. बाजूला चंदेरी ओरखडे उठले होते, मांजरानं पंजा मारल्यासारखे. मग त्यांनी टाकीतलं थोडं पेट्रोल बोटांवर घेतलं, चोळलं, वास घेतला. म्हणाले, "ऑइल तर भरपूर आहे." जरा थांबून म्हणाले, "घाट उतरला होतास ना?"

चाचांनी मला जे समजावलं ते असं. चारचाकीच्या इंजिनात ऑइल खाली वेगळं भरलेलं असतं आणि पंपानं वर चढतं. या टू-स्ट्रोक स्कूटरला तशी सोय नाही. तिला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. मूठ बंद केली की पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही बंद. आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये चाकं इंजिनाला फिरवत राहतात, चांगलं जोरात. चढून तापलेलं नवं इंजिन, आणि मैलभर तेलाविना पळतंय. उतारावर मधून मधून मूठ थोडी उघडायची, इंजिनाला घोट द्यायचा. "एवढं साधं आहे," चाचा म्हणाले.

मी म्हटलं, "आप्पांना सांगू नका."

"मी कशाला सांगू? पण त्यांनी विचारलं तर खोटं नाही बोलणार."

सिलिंडर बोअर करून आणला, मोठ्या मापाचा नवा पिस्टन आला. माझ्या पगारातून पैसे दिले. बोअर केलेलं इंजिन म्हणजे नवंच इंजिन. रनिंग पुन्हा शून्यापासून. मला वाटलं, आप्पा आता चावीला हात लावू देणार नाहीत. ते म्हणाले, "या वेळी तू चालव. मी वही लिहितो." आणि पुढचे पाचशे किलोमीटर मीच चालवली. पेट्रोल मात्र मी दुसऱ्या पंपावर भरायचो. तो पहिला पंप वाटेत येऊ नये म्हणून वर्षभर वळसा घालून बँकेत गेलो.

याच्या अगदी उलट चूकही मी पुढं पाहिली. नव्वदच्या दशकात अधिकारी म्हणून एका तालुक्याच्या गावी होतो. तिथले एक डॉक्टर आमचे खातेदार. त्यांनी आमच्याकडून कर्ज काढून प्रीमियर पद्मिनी घेतली. मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी. त्या काळी ती सगळेच लावत. मागच्यानं हॉर्न वाजवू नये म्हणून. डॉक्टरांची पाटी दोन वर्षं होती. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, तीसचा वेग, आणि रोज सकाळी दारात दहा मिनिटं नुसतं चालू ठेवून 'गरम करणं'. ती गाडी तिसऱ्या वर्षीच मागून निळा धूर सोडू लागली. डॉक्टर म्हणायचे, एवढं जपून असं कसं झालं?

जपल्यामुळेच झालं. रिंग सिलिंडरला टेकते ती निव्वळ स्वतःच्या ताणानं नव्हे. आत स्फोट होतो त्याचा दाब रिंगेच्या मागं जाऊन तिला बाहेर रेटतो. इंजिनाला कामच दिलं नाही तर तो दाब येत नाही, टोकं झिजत नाहीत, आणि खाचांत ऑइल जळून त्याची काचेसारखी गुळगुळीत पुटं चढतात. मग पुढं कितीही चालवा, रिंग बसत नाही. ऑइल वर जातं, जळतं, निळा धूर निघतो. बँकेतही हे दिसायचं. नव्या क्लार्कला पहिल्याच महिन्यात एक तारखेच्या कॅशला बसवला तर तो रडकुंडीला यायचा. पण वर्षभर आवक-जावक रजिस्टरवर बसवलेला पुढं कुठल्याच काउंटरला उपयोगी पडायचा नाही. असे दोघेही माझ्या हाताखाली होते. दुसऱ्या प्रकारचा तर माझ्याबरोबरच रिटायर झाला.

तेव्हा शोरूममधल्या त्या मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. आता ओरखड्यांची टोकं बऱ्याच इंजिनांत कारखान्यातच छाटून दिलेली असतात, भागांची मापं अधिक काटेकोर असतात, ऑइलही पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं असतं. चाळीसच्या काट्याची आणि मागच्या पाटीची गरज उरलेली नाही. पण शेवटचा हात अजूनही रस्त्यावरच फिरतो. म्हणून लेकीला मी एका कागदावर लिहून दिलं. पहिले हजार किलोमीटर गाडी दाबून पळवायची नाही, पण कुंथवायचीही नाही. म्हणजे वरच्या गिअरमध्ये हळू चालवून इंजिनाला धापा टाकायला लावायचं नाही. वेग सतत बदलता ठेवायचा. एकाच वेगानं तासन् तास नको, म्हणून पहिल्याच रविवारी एक्स्प्रेसवे नको. जुन्या रस्त्यानं जा, तिथं चढ आहेत, वळणं आहेत, गिअर बदलावे लागतात. सकाळी दारात उभी करून गरम करत बसू नको. सुरू केलीस की अर्ध्या मिनिटात निघ आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सबुरीनं घे. टायर आणि ब्रेकही नवे आहेत, तेही पहिले शे-दोनशे किलोमीटर पुरते पकडत नाहीत, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर ठेव.

हे शेवटचं मी शेजारच्या मुलालाही सांगितलं. त्यानं विजेवर चालणारी चेतक घेतली आहे. २०१९ मध्ये ती त्याच नावानं पुन्हा आली. तिला पिस्टन नाही, रिंग नाही, ऑइल नाही, किक नाही. एका बाजूला कलती करावी लागत नाही. रनिंगचा प्रश्नच मिटला. टायर-ब्रेकचा मात्र आहे.

आप्पा २००३ साली गेले. नंतर घर आवरताना ट्रंकेत ती वही मिळाली. पहिल्या पानापासून आकडे, तारखा, पेट्रोल, ऑइल. ४१२ च्या पुढं लाल शाईत 'इंजिन जाम'. कोणी, कुठं, काही नाही. खाली चार दिवसांनंतरची नोंद होती. ती मला पाठ झाली आहे : 'गॅरेजला गेलो. ऑइल पुरेसे होते. घाट उतरताना मूठ बंद होती. मूठ बंद ठेवावी हे मीच सांगितले होते.'

त्याच्या दुसऱ्या दिवशी : 'पंपावर गेलो. मुलगा गावी गेला म्हणतात. मालकांशी बोललो.'

आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा : 'पंपावर गेलो. मुलगा आलेला नाही.'

अशा पाच नोंदी आहेत. शेवटची दिवाळीतली. त्यानंतर त्या मुलाचा उल्लेख नाही. आणि मधल्या सगळ्या पानांवर, माझ्या हातून चाललेल्या दुसऱ्या रनिंगचे रोजचे आकडे. मी त्यांच्यासमोर मीटर वाचून दाखवायचो आणि ते लिहून घ्यायचे. अठरा वर्षं आम्ही एका घरात राहिलो, त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

परवा लेक आम्हा दोघांना साताऱ्याला घेऊन गेली. कासला जाऊन परत येताना यवतेश्वरचा घाट उतरू लागलो. तिनं दुसरा गिअर टाकला आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला. माझा हात आपोआप दाराच्या वरच्या कडीकडे गेला.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. बरोबर आहे तुझं."

ते खरंच बरोबर होतं. या इंजिनाला ऑइल खालून मिळतं. उतारावर पाय काढून घेणं नव्या रिंगांना उलट चांगलंच. मधून मधून तसं करावं असं जाणकार सांगतात. जे चेतकला मारक ते हिला औषध. बायको मागून म्हणाली, घाटात गप्प बसणं चांगलं.

पायथ्याशी लेकीनं गाडी थांबवली आणि मक्याची कणसं आणायला उतरली. मी पुढं वाकून मीटर पाहिला. ६३८. खिशातली डायरी काढली आणि तारीख घालून आकडा लिहून ठेवला.